फुटकी बादली, पोट्टे आणि बारसे सर

महालातल्या गल्लीत खेळायला काय लागतं? दोन चपला ठेवल्या की गोल तयार, वीट उभी केली की स्टम्प. पण बॉलच नसेल तर?

2001 मधली गोष्ट. नागपुरात जोराचा पाऊस सुरू होता. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे आडोशाला थांबले होते. समोर वस्तीतले पोट्टे चिखलात खेळत होते. अनवाणी, अगदी रंगात येऊन. बॉलच्या जागी होती एक फुटकी बादली!

खरं सांगा, आपल्या कॉलेजच्या स्पोर्ट्सच्या सरांना आपण कधी भेटतो? इंटरकॉलेजिएटची टीम लागली की, नाहीतर फॉर्मवर सही हवी असली की. सरांचं कामही तेवढंच, असं आपण धरून चालतो. ज्यांना खेळता येतं त्यांना निवडायचं, बाकीच्यांना ‘नेक्स्ट’ म्हणायचं. बारसे सरांनी कित्येक वर्षं ही नोकरी केली. त्या पावसात मात्र त्यांच्या लक्षात आलं, की कॉलेजच्या गेटपर्यंत न पोचणाऱ्या पोरांना तर कोणी निवडतच नाही.

मग त्यांनी ‘झोपडपट्टी फुटबॉल’ स्पर्धा भरवली. बूट नाहीत? चालेल. युनिफॉर्म नाही? तेही चालेल. तब्बल 128 टीम आल्या! त्यातूनच ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. रिटायर झाल्यावर हातात आलेल्या पैशातून सरांनी शहराबाहेर बोखाऱ्याला जागा घेतली. फ्लॅटसाठी नाही, पोरांच्या फुटबॉलसाठी.

इथले खेळाडू पुढे होमलेस वर्ल्ड कपला गेले. त्याचे नियमही भारी आहेत. मैदानात एका बाजूला फक्त चार जण, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, आणि एका खेळाडूला आयुष्यात एकदाच संधी. म्हणजे इथे करिअर होत नाही. एकदा जाऊन यायचं आणि मग आपलं आयुष्य आपणच उभं करायचं.

नागपूरच्या अखिलेश पॉलने ते केलं. चुकीच्या वाटेला लागलेला हा मुलगा 2010 मध्ये रिओला भारताचा कॅप्टन होता. परत येऊन तो स्वतः पोरांना शिकवू लागला. आपली गोष्ट त्याने ‘सत्यमेव जयते’मध्ये सगळ्या देशासमोर सांगितली.

2016 मध्ये ‘स्लम सॉकर’ला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. 2022 मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. अमिताभ बच्चन त्यात ज्या सरांची भूमिका करतात, ते बारसे सरांवरूनच उभे केलेले. पिक्चर आपण सगळ्यांनी पाहिला, शिट्ट्याही मारल्या.

पण त्यातली ती भिंत आठवते? एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला कॉलेजचं हिरवंगार ग्राउंड. ही भिंत फक्त पडद्यावर नाही, भाऊ. आपल्याकडे ग्राउंड आहे, नेट आहे, किटही आहे. आणि तरी संध्याकाळी आपण कट्ट्यावर मोबाइल घेऊन बसतो. कुंपणापलीकडे मात्र कोणीतरी जाळीला नाक लावून उभं असतं.

आज त्याला आत बोलवा. स्पोर्ट्सच्या सरांची परवानगी लागेल, तर तीही मागा. सही सोडून दुसऱ्या कामासाठी कोणी आलं, याचंच सरांना अप्रूप वाटेल!