सायकल बंद नको, सायकल बदला

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ उजवे मनगट डाव्या हातात धरून माझ्याकडे आले. येथील वीज केंद्रात आयुष्य घालवून निवृत्त झालेले, आता दुर्गापुरात घर बांधून राहणारे. सायकलवरून पडले होते. क्ष-किरण तपासणीत मनगटाचे हाड मोडलेले दिसले; सहा आठवड्यांचे प्लास्टर आले. सोबत आलेला मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आता तुम्हीच सांगा बाबांना. माझं ऐकत नाहीत.” मी सांगितले. सायकल बंद करा, असे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि मुलाने त्याच संध्याकाळी ती काळी, उंच सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली.

वाचकहो, तो सल्ला चुकीचा होता, हे कळायला मला आठ महिने लागले. (काकांच्या परवानगीने हे लिहीत आहे, नाव देत नाही.) प्लास्टर निघाले, हाड नीट जुळले, परंतु काकांचे बाहेर जाणे थांबले ते थांबलेच. पूर्वी ते रोज दूध, भाजी, मित्राचे दुकान आणि शेताचा बांध अशी पाच-सहा किलोमीटरची फेरी मारीत. आता दुचाकीवर मागे बसवून कोणी नेईल तेव्हाच उंबरठा ओलांडणे होई. वजन चार किलोंनी वाढले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.१ होता, तो ८.४ वर गेला. त्याहून मला खटकले ते त्यांचे गप्प होणे. तपासायला आले की प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर मुलाने द्यायचे, असे सुरू झाले होते.

एके दिवशी मी त्यांना उशिराच विचारले, “काका, नेमके पडलात कसे?” ते चालवताना पडलेच नव्हते. मागून टांग टाकून उतरताना धोतराचा सोगा सीटला अडकला, उजवा पाय कॅरिअरवरून वेळेत आला नाही आणि ओल्या मुरुमावर डावा पाय सरकला. साठीनंतर सायकलवरून पडलेले जे रुग्ण मी पाहिले, त्यांतले बरेच असेच चढता-उतरताना पडलेले होते. दोष सायकल चालवण्यात नव्हता. त्या उंच दांडीत, मागून टाकाव्या लागणाऱ्या टांगेत आणि अरुंद, गुळगुळीत झालेल्या टायरांत होता. म्हणजे रोग एका जागी होता आणि मी भलताच अवयव कापून टाकला होता.

गेल्या काही वर्षांत शहरांतून ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाचा प्रकार आला आहे. ग्रॅव्हल म्हणजे आपली गिट्टी. डांबरी रस्त्यावर बऱ्यापैकी पळणारी आणि मुरूम, गिट्टी, शेतरस्ता आला तरी न डगमगणारी ही सायकल. टायर रुंद, गिअर हलके, ब्रेक भरवशाचे. आपल्या भागातील रस्त्यांचे वर्णन कुणी मागितले, तर मी हेच सांगेन : थोडे डांबर, थोडी गिट्टी, बाकी मुरूम. दुकानातील अशा सायकलीचे हँडल मात्र मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले असते आणि किंमत पाहून रक्तदाब मोजावा लागतो. त्या वळलेल्या हँडलवर बसणारे, ब्रेक आणि गिअर एकत्र असणारे लिव्हर हा तिच्या खर्चाचा मोठा भाग असतो. हँडल सरळ घेतले, तर साध्या गिअरच्या सायकलीचे स्वस्त लिव्हर चालतात. वृद्धांसाठी सरळ हँडल हवेच. कारण त्यात पाठ उभी राहते, मान वर ताणावी लागत नाही आणि ब्रेक सदैव बोटांखाली असतो.

काकांची नात अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी नागपूरला गेली होती. तिची २६ इंची चाकांची, गिअरची सायकल जिन्याखाली गंजत पडली होती. दांडी खाली वाकलेली, पाय सहज पलीकडे जाईल अशी. मला हवी होती ती हीच. काका मात्र उसळले. “मी का पोरगी आहो, डॉक्टरसाहेब? लोक काय म्हणतील?” त्यांना मी एवढेच म्हणालो, की लोकांनी गेल्या आठ महिन्यांत तुम्हाला पाहिलेलेच नाही, ते काय म्हणणार? दोन दिवसांनी मुलगा सायकल मिस्त्रीकडे टाकून आला.

मिस्त्रीबरोबर आम्ही जे बदल केले, ते सविस्तर सांगतो. आपल्या घरीही अशी एखादी सायकल धूळ खात असेल. प्रथम पुढचा स्प्रिंगचा चिमटा काढला. स्वस्त सायकलीतील ही स्प्रिंग वजन वाढवते, गंजते आणि धक्का फारसा शोषत नाही. त्याजागी साधा लोखंडी चिमटा बसवला. मात्र त्याची लांबी आणि वरच्या नळीचा व्यास जुन्याशी जुळणारा घेतला. लांबीत फरक पडला, तर सायकलीचे तोंड खाली झुकते आणि हँडल बिथरते. धक्के शोषण्याचे काम टायरांकडे सोपवले : पावणेदोन इंच रुंदीचे, मधोमध जवळपास सपाट आणि कडेला बारीक नक्षी असलेले. हवा दगडासारखी कडक भरायची नाही. काकांच्या वजनाला चाळीस पौंडांच्या आतबाहेर पुरते. ‘हवा टाइट पाहिजे’ हा आपल्याकडचा जुना हट्ट आहे. तसे टायर गिट्टीवर उसळते आणि तो धक्का मनगटाला, मानेला बसतो.

यानंतर गिअर. काकांच्या जुन्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते होते. पायडलच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाई. चढावर तेवढे ओझे गुडघ्याच्या वाटीवर येते. आम्ही पुढे ३२ दात्यांची एकच चकती ठेवली आणि मागे सात चकत्यांचे १४ ते ३४ दात्यांचे फ्रीव्हील लावले. (चेन सरकवणारा मागचा डिरेलर ३४ दाते पेलणारा आहे ना, हे घेतानाच विचारावे.) सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेरीत ती जेमतेम दोन मीटर सरकते, म्हणजे उभे न राहता, दम न लागता चढ निघतो. सर्वांत जड गिअरमध्ये मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या, तर तासाला सोळा-साडेसोळा किलोमीटर. त्याहून वेग हवा कशाला? पुढे तीन चकत्या असल्या की डाव्या हाताला आणखी एक लिव्हर आणि डोक्याला आणखी एक हिशेब लागतो. तो आम्ही काढून टाकला.

ब्रेक रिमला दाबणारेच ठेवले. केबल, बाहेरची नळी आणि गुटके मात्र नवे घातले. नीट बसवलेला साधा ब्रेक हा वारंवार ढिला पडणाऱ्या स्वस्त डिस्क ब्रेकपेक्षा मला अधिक भरवशाचा वाटतो. लिव्हरवर एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर मुठीच्या जवळ येतो. संधिवाताने बोटे आखडलेल्यांसाठी हा स्क्रू मोठा उपकारक आहे, आणि तो फिरवलेला मी क्वचितच पाहतो. नवे सुटे भाग आणि मजुरी मिळून खर्च सात हजारांच्या आसपास आला.

पंधरा दिवसांनी काका तक्रार घेऊन आले : करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. मधुमेहाचा रुग्ण म्हणून माझे मन आधी नसांच्या विकाराकडे, मग मानेच्या मणक्यांकडे धावले. मग सायकल दवाखान्यासमोर आणवली आणि त्यांना बसवून पाहिले. हँडल इतके खाली आणि लांब होते, की सारा भार तळव्याच्या बाहेरील कडेवर येत होता. तेथूनच त्या दोन बोटांची नस जाते. सरळ हँडलची ही एक उणीव आहे. हात ठेवायला एकच जागा मिळते. मिस्त्रीने हँडल दोन इंच वर घेतले, टोके किंचित मागे वळलेला दांडा बसवला आणि तळव्याला आधार देणाऱ्या पसरट मुठी घातल्या. आठवड्यात बधिरपणा गेला. तपासणीचे पैसेही वाचले.

सीटच्या उंचीविषयी पुस्तकी नियम असा, की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. तरुणांसाठी तो योग्य आहे. आपण मात्र सुरुवातीला सीट इतकी खाली ठेवा, की बसल्या जागी दोन्ही चवडे जमिनीला टेकतील. महिन्याभराने विश्वास आला, की बोट-बोट वर न्या. गुडघा फार वाकत राहिला तर वाटीमागे दुखू लागते, म्हणून ती कायम खालीच ठेवू नये. चढताना दोन्ही ब्रेक दाबून धरावेत, सायकल स्वतःकडे थोडी कलती करावी आणि पाय पुढून, दांडीवरून पलीकडे न्यावा. मागून टांग टाकणे आता विसरायचे. धोतर, साडीचा घोळ, ओढणी चेनपासून दूर बांधावी, आणि पायात चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवेत. मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी झालेल्यांचा पाय पायडलवरून केव्हा घसरला, हे त्यांना कळतही नाही.

कुणी चालवू नये, हेही सांगायला हवे. नुकताच पक्षाघात झालेले, फिट येणारे, चक्कर येणारे, ज्यांना बाजूचे दिसत नाही असे, चालताना छातीत दुखणारे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हेल्मेटशिवाय सायकल बाहेर काढूच नये. डोक्याचा किरकोळ मारही त्यांना जिवावर बेततो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. रक्तदाबाच्या औषधाने उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.

वेळेचे गणित आपल्या भागात निराळे आहे. ‘पहाटे व्यायाम करा’ असे पुण्या-मुंबईचे लेख सांगतात. ऊर्जानगरात तो सल्ला मी देत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेले. झुडपांतून जाणाऱ्या वाटेवर सूर्य नीट वर आल्याशिवाय आणि सोबतीशिवाय जाऊ नये. सायकलवर वाकलेला माणूस अंधारात बुटका दिसतो. हिवाळ्यात राख आणि धूळ सकाळच्या थंड हवेत खालीच साचते, म्हणून दम्याच्या रुग्णांनी कोळशाच्या ट्रकांचा रस्ता टाळावा आणि जरा उशिरा निघावे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र साडेआठच्या आत घरी. येथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि वृद्धांना तहान उशिरा लागते.

किती चालवावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. चालवताना बोलता यावे, गाता येऊ नये, इतपत श्रम पुरेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली, याचा आम्हा वैदर्भीय डॉक्टरांना अभिमान आहे. पण आपल्याला दुधाच्या केंद्रापर्यंत जायचे आहे. आणि सायकलने हाडांवर शरीराचा भार पडत नाही, त्यामुळे हाडांसाठी चालणे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम वेगळे करावेच लागतात.

घरच्यांना एक विनंती. वडील पडले की सायकल विकू नका. आधी विचारा, नेमके कुठे आणि कसे पडलात. चढताना, उतरताना, वळताना, की चक्कर येऊन? पहिल्या तिन्हींचा इलाज बहुधा मिस्त्रीकडे असतो, चौथ्याचा माझ्याकडे.

काकांची साखर आता ७.३ आहे, गोळी एकही कमी केलेली नाही, सायकलने औषध सुटते असा माझा दावा नाही. गेल्या महिन्यात ते एकटेच तपासायला आले. परत निघताना दारात थांबले आणि म्हणाले, की एका बाजूला कलणाऱ्या स्टँडमुळे पिशवी लावली की सायकल पडते, तेव्हा जुन्या सायकलीसारखे दोन पायांचे स्टँड हिला बसेल काय? मी मिस्त्रीला फोन लावला. मागचा धुरा लांब घ्यावा लागेल, म्हणाला. शनिवारी बसवून देतो.