हायस्कुलातले इंग्रजी बांधावर येऊ द्या

— ऊस विकास अधिकारी



लागणीचे, खताचे, पाण्याचे लेख या पत्रिकेतून आपण नेहमी वाचता. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. आपली मुलं-मुली हायस्कुलात जे इंग्रजी शिकतात, त्याचा आपल्या उसाला काही उपयोग आहे का? माझ्या मते आहे, आणि तो आपण पुरेसा करून घेत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे नववी-दहावीला पोचलेल्या पोराने आठ-नऊ वर्षे ही भाषा हाताळलेली असते. तरी बांधावर औषधाचा कागद पुढे केला, की "हे आमच्या पुस्तकात नाही" म्हणून ते बाजूला होते. पुस्तकात नाही हे खरे, पण त्यातले बरेचसे शब्द पुस्तकातलेच असतात.

तणनाशकाचेच बघा. 'प्री' आणि 'पोस्ट' हे उपसर्ग व्याकरणाच्या तासाला शिकवतात. प्री-इमर्जन्स म्हणजे तण उगवण्यापूर्वी मारायचे, पोस्ट-इमर्जन्स म्हणजे उगवल्यावर. अ‍ॅट्राझिन हे लागणीनंतर तीन-चार दिवसांत, जमिनीत ओल असताना मारायचे औषध. तण गुडघ्याला लागल्यावर ते मारायचे आणि "माल डुप्लिकेट निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडायचे, यात काही अर्थ नाही. त्याहून महाग पडतो तो 'नॉन' हा शब्द. सिलेक्टिव औषध ठराविक तणे मारते, पीक राखते. नॉन-सिलेक्टिव औषध तण बघत नाही, ऊस बघत नाही. हिरवे दिसेल ते जाळते. इंग्रजीत अक्षरे तीनच, पण वाचायची राहिली तर उभा प्लॉट गेला!

दुसरी गोष्ट मापाची. लेबलावर मात्रा बहुधा 'पर हेक्टर' असते. आपला हिशेब एकर-गुंठ्यांचा. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, तेव्हा हेक्टरचा डोस एकरात ओतला तर तो अडीचपट झाला. खताच्या पोत्याचेही तसेच. युरियात नत्र ४६ टक्के आणि पोते ४५ किलोचे, म्हणजे एका पोत्यात नत्र पावणेएकवीस किलोच्या आतबाहेर. सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १०० किलो. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे धरले तर पाच पोती भरत येतात. हा हिशेब आठवीतल्या मुलीला पाच मिनिटांत जमतो. तिला पोते दाखवायला मात्र हवे.

आता जिवावरची गोष्ट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्याला कारणे अनेक होती, सगळा दोष न वाचण्यावर टाकता येणार नाही. पण त्यातून आपण घ्यावे असे एक आहे. लेबलावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हे निरक्षर माणसालाही कळते. त्यापुढचे मात्र वाचावे लागते. विषबाधेची लक्षणे कोणती, 'अँटिडोट' म्हणजे उतारा कोणता, हे तिथेच छापलेले असते. रात्री डॉक्टर विचारतात, "औषध कोणतं होतं?" आणि आपण सांगतो, "निळी बाटली होती." त्यावरून डॉक्टरांनी काय समजावे? घटकाचे नाव ज्याला वाचून फोनवर सांगता येते, असे एक माणूस घरात असलेच पाहिजे. ते पोरगं किंवा पोरगी असायला हरकत नाही.

एक सूचना. मुलांच्या हातात बाटली देऊ नका, भरलेलीही नाही आणि रिकामीही नाही. सोबतचे माहितीपत्रक द्या. ते इंग्रजीबरोबर हिंदी आणि प्रादेशिक भाषेतही देण्याचा नियम आहे. मराठी मजकूर असेल तर शेजारी ठेवून ताडून बघावे, आयते गाईड मिळाले. (अक्षर इतके बारीक, की आजोबांचा चष्मा लागतो, ही गोष्ट निराळी.)

वाचले म्हणजे झाले असेही नाही. फवारणारा गडी बहुतेक वेळा दुसराच असतो. त्याला ते समजेल असे सांगता आले पाहिजे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस गावात आली म्हणजे हा प्रश्न सुटला, असे मला वाटत नाही. तिथला मुलगा 'वेटिंग पीरियड' झोकात वाचतो. पण शेवटच्या फवारणीनंतर तोडणीपर्यंत सोडायचे ते दिवस, हे आजोबांना मराठीत सांगताना अडखळतो. दोन्ही भाषा लागतात.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पत्रलेखन असते आणि तक्त्यावरून परिच्छेद लिहिण्याचा 'इन्फर्मेशन ट्रान्स्फर' नावाचा प्रश्न असतो. माती परीक्षणाचा रिपोर्ट म्हणजे दुसरे काय? सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, असा सरळ तक्ता. त्यावर पाच वाक्ये इंग्रजीत लिहायला सांगा. परीक्षेची तयारी होते आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे, पाचट जाळू नये, हेही घरात कळते.

पत्राचेही तसेच. ठिबकच्या नळ्या फुटल्या, बियाणे उगवले नाही, तर तक्रार कंपनीला इंग्रजीत आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना मराठीत, दोन्हीकडे जावी. सांगाडा एकच. तारीख, विषय, बिल नंबर, बॅच नंबर, काय झाले, केव्हा झाले, आपले मागणे काय. "आमचे फार नुकसान झाले, तरी साहेबांनी दया करावी" असे दोन पाने लिहून बॅच नंबरच राहिला, तर त्या कागदाचा उपयोग नाही. पोरांकडून एकदा कोरा नमुना लिहून घ्या आणि पावत्यांच्या पिशवीत ठेवा. पावत्या जपून ठेवता ना? तिथूनच सुरुवात आहे.

माती परीक्षणाचा रिपोर्ट घ्यायला गट ऑफिसात याल, तेव्हा शाळेला सुट्टी असेल तर मुला-मुलीला बरोबर आणा. पहिले वाचन त्यांनाच करू द्या. कुठे अडले तर ओव्हरसियर समजावून सांगतील.