लस ज्येष्ठांना, चाचणी आधी तरुणांवर : वय वाढलं की हिशेब का बदलतो?

१ मार्च २०२१ रोजी देशभरात ६० वर्षांवरच्या नागरिकांसाठी कोरोना लसीकरण खुलं झालं. त्या मोहिमेत सर्वाधिक दिली गेली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशिल्ड. मूळ लस ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची. आणि गंमत म्हणजे नेमक्या त्याच दिवशी जर्मनीत तिथल्या लसीकरण समितीचा सल्ला असा होता, की ही लस फक्त १८ ते ६४ वयाच्या लोकांनाच द्यावी.

लस वाईट ठरली होती म्हणून नव्हे. समितीच्या हातात आकडेच नव्हते. तिच्यासमोर आलेल्या चाचणीत ६५ वर्षांवरचे एकूण ६६० जण होते. लस घेतलेले ३४१, त्यांत कोरोना झाला एकाला. लस न घेतलेले ३१९, त्यांतही एकालाच. एकास एक. यावरून लस वयस्करांवर चालते की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग ४ मार्चला सल्ला बदलला, कारण तोवर ब्रिटनने लाखो वयस्करांना ही लस देऊन टाकली होती आणि हॉस्पिटलात दाखल होण्याचं प्रमाण घटल्याचे आकडे तिथून आले. पुढे ३० मार्चला तर पाटी पूर्ण उलटी फिरली. तरुणांमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचे दुर्मीळ प्रकार दिसल्याने लस ६० च्या पुढच्यांनाच द्यायची असं ठरलं. दोन महिन्यांत आधी 'म्हाताऱ्यांना नको' आणि मग 'म्हाताऱ्यांनाच द्या'. लोकांचा विश्वास डळमळला तर नवल नाही. पण मुळात ज्यांच्यासाठी लस सर्वांत गरजेची, त्यांचीच गणती चाचणीत कमी झाली होती.

असं का होतं? नवी लस पहिल्यांदा माणसाला टोचताना ती धडधाकट, तरुण शरीरात टोचली जाते, म्हणजे काही बिघडलं तर ते शरीर निभावून नेईल. बेळगावकरांना हे नवीन नाही. २०२० मध्ये कोव्हॅक्सिनची सुरुवातीची चाचणी ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यांत बेळगावचं जीवनरेखा हॉस्पिटल होतं, गोव्यात पेडणे तालुक्यातलं रेडकर हॉस्पिटल होतं. पहिल्या टप्प्यात ३७५ स्वयंसेवक होते आणि वयाची अट १८ ते ५५. दुसऱ्या टप्प्यात ३८० जण, वय १२ ते ६५. सत्तरीच्या माणसाला या दोन्ही टप्प्यांत दार बंदच होतं. ऑक्सफर्डनेही पायरी पायरीने वय वाढवलं. आधी १८ ते ५५, मग ५६ ते ६९, शेवटी ७० च्या पुढचे.

ही काळजी बरोबरच आहे. अडचण पुढे येते. तरुणांवरचा निकाल तसाच उचलून आजोबांना लावता येत नाही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. शरीराच्या संरक्षणाचे नवे शिपाई, म्हणजे टी पेशी, तिथे तयार होतात. वयात आल्यापासून ही ग्रंथी आकसू लागते आणि उतारवयात तिथे बरीचशी चरबीच उरते. जुन्या ओळखीच्या आजारांशी लढणारे शिपाई शिल्लक असतात, पण अनोळखी शत्रूसाठी नवी भरती जवळपास थांबलेली असते. त्यात मधुमेह, रक्तदाब, त्यांच्या गोळ्या. म्हणून तोच डोस, तीच सुई, पण तरुण मुलाच्या रक्तात जेवढी प्रतिपिंडं तयार होतील तेवढी त्याच्या आजीच्या रक्तात होतीलच असं नाही.

हे तपासायचं कसं? लस देण्याआधी रक्त घेतात, मग साधारण महिन्याभराने पुन्हा घेतात आणि प्रतिपिंडांची पातळी किती वाढली ते मोजतात. मग वयस्करांच्या गटाची सरासरी तरुणांच्या गटाशी ताडून पाहतात. ही सरासरीही साधी नसते. एखाद्याच्या रक्तात प्रतिपिंडं शंभरपट वाढली, तर साध्या सरासरीत तो एकटाच अख्ख्या गटाला श्रीमंत दाखवतो. म्हणून गुणोत्तराने चालणारी भौमितिक सरासरी काढतात. शेअर बाजारात परतावा मोजणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

ऑक्सफर्डच्या ५६० जणांच्या चाचणीत, जी नोव्हेंबर २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, २४० जण ७० वर्षांवरचे होते. पूर्ण मात्रेच्या पहिल्या डोसनंतर दंड दुखणे, सुजणे असा त्रास तरुण गटात ८८ टक्के, मधल्या गटात ७३ टक्के आणि सत्तरीच्या पुढे ६१ टक्के लोकांना झाला. दुसऱ्या डोसनंतर प्रतिपिंडं मात्र तिन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली. तपासलेल्या २०९ जणांपैकी २०८ जणांत विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं दिसली. आपल्याकडे लसीकरणानंतर कट्ट्या-कट्ट्यावर ऐकू यायचं, 'मला ताप आला नाही, म्हणजे लस लागलीच नाही.' तर तसं नाही. वयस्करांना त्रास कमी होतो आणि तरीही लस काम करू शकते.

प्रतिपिंडं दिसली म्हणजे आजार टळला असंही नाही, तो हिशेब वेगळा. इथे नागिणीचं उदाहरण सगळ्यात बोलकं. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून बसतो आणि म्हातारपणी संरक्षण ढिलं पडलं की नागीण होऊन उठतो. (नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जगत नाही, हा समज आजही गावोगावी आहे. प्रत्यक्षात ती एका बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने उठते, त्यामुळे कमरेला पूर्ण वेढा बसत नाही.) नागिणीवर आधी झोस्टाव्हॅक्स ही लस आली. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या ३८,५४६ जणांवर तिची चाचणी झाली, निकाल २००५ मध्ये लागला. नागीण होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. सरासरी बरी दिसते. पण वय फोडून पाहिलं तेव्हा साठीतल्यांत ६४ टक्के आणि सत्तरीच्या पुढे फक्त ३८ टक्के. ज्याला सर्वाधिक धोका, त्यालाच सर्वांत कमी संरक्षण.

पुढची लस, शिंग्रिक्स, बनवताना म्हणूनच संरक्षण यंत्रणेला ढोसून जागं करणारे पदार्थ मिसळले गेले. त्यातला एक चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून येतो. रिठ्यात असतो तसलाच फेस आणणारा घटक. या लसीच्या कंपनीने ७० वर्षांवरच्यांसाठी वेगळी चाचणीच घेतली. ५० च्या पुढच्यांच्या चाचणीत परिणाम ९७ टक्के आला होता, सत्तरीच्या पुढच्यांत तो जवळपास ९० टक्के राहिला. किंमतही मोजावी लागली. इतका त्रास की रोजची कामं अडावीत, असं सांगणारे लस घेतलेल्यांत १७ टक्के होते, नुसती खोटी सुई घेतलेल्यांत ३ टक्के. ही लस २०२३ पासून आपल्या देशातही ५० वर्षांवरच्यांसाठी मिळते. ती घेणाऱ्याला हा १७ चा आकडा आधीच सांगायला हवा. तो सांगितला जातोच असं नाही.

सुरक्षितता तपासणं तर आणखी किचकट. स्वयंसेवकाला घरी डायरी आणि थर्मामीटर देतात. आठवडाभर रोज ताप, दुखणं, सूज लिहायची. गंभीर घटना मात्र महिनोन्‌महिने नोंदवतात. पण ८० वर्षांच्या हजार माणसांना लस न देता साधं पाणी टोचलं, तरी पुढच्या सहा महिन्यांत त्यांतल्या काहींना हृदयविकाराचा झटका येणारच. मग दोष कुणाचा? त्यासाठीच तुलनेचा दुसरा गट लागतो.

नॉर्वेत जानेवारी २०२१ मध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. वृद्धाश्रमांतल्या अतिशय थकलेल्या लोकांना फायझरची लस दिल्यावर काही मृत्यू नोंदले गेले आणि जगभर बातमी झाली. तिथल्या वृद्धाश्रमांत एरवीही आठवड्याला सरासरी ४०० मृत्यू होतात, हे बातमीत मागे पडलं. मात्र नॉर्वेने तेवढ्यावर हात झटकले नाहीत. तज्ज्ञांनी पहिले १०० मृत्यू एकेक करून तपासले. ५९ मृत्यूंचा लसीशी संबंध असणं अवघड, २६ मध्ये शक्यता आणि १० मध्ये संबंध बहुधा असावा असा निष्कर्ष निघाला. उरलेल्या पाचांबद्दल ठरवता आलं नाही. चाचणीत जे वयस्कर घेतले जातात ते बहुतेक चालते-फिरते, आजार आटोक्यात असलेले. अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले तिथे क्वचितच असतात. साध्या तापानेही कोलमडू शकणारी माणसं चाचणीत नसली, तर तिचा निकाल त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाही.

परत कोव्हॅक्सिनकडे. तिसऱ्या टप्प्यात २५,७९८ जण होते आणि एकूण परिणाम ७७.८ टक्के आला. ६० वर्षांवरच्यांसाठी आकडा ६७.८. पण त्यासोबत छापलेली कक्षा होती ८ ते ९० टक्के. म्हणजे खरा आकडा ८ जवळ असू शकतो, ९० जवळही. लसीचा दोष नाही, त्या वयाचे लोक आणि त्यांच्यातले रुग्ण कमी असले की कक्षा अशी फाकते. बातम्यांत सहसा मधला एकच आकडा येतो.

देशात होणारी प्रत्येक चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदवावी लागते, २००९ पासून हे सक्तीचं आहे. ती नोंद कुणालाही फुकट पाहता येते. त्यात सहभागाच्या अटींखाली किमान आणि कमाल वय लिहिलेलं असतं. कमाल वयाच्या जागी ५५ किंवा ६५ असेल तर घरातल्या ज्येष्ठांबद्दल त्या चाचणीतून काही कळणार नाही. तिथे ९९ लिहिलं असलं, तरी निकाल छापून आल्यावर ७० च्या पुढचे प्रत्यक्षात किती जण घेतले, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं लागतं.