पार्श्वगायनाच्या पुरस्काराची वाटचाल

हिंदी चित्रपटसृष्टीतील सर्वाधिक चर्चिल्या जाणाऱ्या वार्षिक सन्मानांपैकी एक असलेल्या फिल्मफेअर पुरस्कारांचा पहिला सोहळा २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात झाला, तेव्हा पाच पुरस्कारांपैकी संगीताच्या वाट्याला एकच आला आणि तो ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांना मिळाला. पार्श्वगायन, म्हणजे पडद्यावरील नटनटीसाठी दुसऱ्याने ध्वनिमुद्रणात दिलेला आवाज, ही तोवर या व्यवसायाची रूढ रीत झाली होती. तरीही ज्या गळ्यामुळे गाणे घरोघरी पोहोचत होते, त्या गळ्याची स्वतंत्र नोंद या पुरस्कारांत नव्हती.

ही उणीव चव्हाट्यावर आणली ती लता मंगेशकर यांनी. १९५७ मध्ये ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांची निवड झाली आणि समारंभात त्याच चित्रपटातील गाणे म्हणण्याची विनंती लताबाईंना करण्यात आली, तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला, सन्मान जर केवळ संगीतकाराचा असेल, तर गाणे शब्दांवाचून आणि गायिकेवाचून नुसत्या वाद्यवृंदावर वाजवावे, असे त्यांचे म्हणणे होते. हा हट्ट स्वतःपुरता नव्हता, कारण त्यात गीतकाराचाही हक्क सामावलेला होता. १९५९ मध्ये गीतलेखन आणि पार्श्वगायन असे दोन्ही पुरस्कार सुरू झाले आणि पहिला मान अनुक्रमे ‘यहुदी’साठी शैलेंद्र यांना व ‘मधुमती’साठी लताबाईंना मिळाला.

मात्र गायनाचा हा पुरस्कार स्त्री आणि पुरुष गायकांसाठी मिळून एकच होता, आणि त्याचा परिणाम आकड्यांतून स्पष्ट दिसतो. १९५९ ते १९६७ या नऊ सोहळ्यांत महंमद रफी यांना चार, मुकेश आणि महेंद्र कपूर यांना प्रत्येकी एक असे सहा पुरस्कार पुरुषांकडे गेले. उरलेले तिन्ही लताबाईंचे. म्हणजे त्यांच्याखेरीज एकाही गायिकेला तो मिळाला नाही. ‘नया दौर’पासून ओ. पी. नय्यर यांच्या संगीताला वेगळाच बाज देणाऱ्या आशा भोसले यांचे नावही या यादीत नाही, आणि या काळातील त्यांचे गाणे ऐकलेल्या कोणालाही ही गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. १९६८ मध्ये पुरस्काराची विभागणी झाली आणि त्याच वर्षी ‘दस लाख’साठी आशाबाईंची निवड झाली, पुढे १९७९ च्या ‘डॉन’पर्यंत त्यांच्या नावावर सात पुरस्कार जमा झाले. गुणवत्ता अगोदरही होती. बदलली होती ती केवळ चौकट.

यानंतरचे दोन निर्णय अधिक मोलाचे वाटतात. १९७० मध्ये ‘जीने की राह’साठी चौथा पुरस्कार घेतल्यावर लताबाईंनी, आणि १९७९ नंतर आशाबाईंनी, नव्या आवाजांना वाव मिळावा म्हणून आपली नावे स्पर्धेतून काढून घेतली. लताबाई बाजूला झाल्यानंतर शारदा, सुलक्षणा पंडित, हेमलता, प्रीती सागर यांची नावे यादीत आली, आणि आशाबाईही बाजूला झाल्यावर १९८० मध्ये ‘मीरा’साठी वाणी जयराम यांचे.

स्त्री-पुरुषांसाठी पुरस्कार एकच असावा की वेगळा, या प्रश्नाचा उलटा प्रवास ब्रिटनमध्ये घडला. तेथील लोकप्रिय संगीताच्या ‘ब्रिट’ पुरस्कारांनी, ज्यांचा आरंभ १९७७ मधला, स्त्री-पुरुष असे वेगळे विभाग २०२२ पासून एकत्र केले. लताबाईंच्या निधनानंतर दोनच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, तो पहिला एकत्रित सोहळा लंडनमध्ये झाला आणि सर्वोत्तम कलावंत म्हणून अ‍ॅडेल हिची निवड झाली. परंतु पुढच्याच वर्षी त्या विभागातील पाचही नामांकने, म्हणजे अंतिम निवडीसाठी निश्चित केलेली नावे, पुरुषांची निघाली आणि त्यावर मोठी टीका झाली; तेव्हा २०२४ साठी नामांकने दहापर्यंत वाढवण्यात आली आणि रे या गायिकेने एकाच सोहळ्यात सहा पुरस्कार पटकावले.

पुन्हा इकडे वळायचे तर, पिंपरी-चिंचवडमध्ये अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेची शाखा आशा भोसले यांच्या नावाने पुरस्कार देते. ज्या आवाजाला १९६८ पर्यंत पुरस्कारांच्या यादीत जागा नव्हती, त्याच आवाजाच्या नावाने येथे गायकांबरोबर संगीतकारांचाही गौरव होतो.