ताकदीचा डबा घेण्याआधी

मैत्रिणींनो, आपल्या उत्तनमध्ये ताकदीची पावडर विकायला येणारी बाई बहुधा ओळखीचीच असते. कंबर दुखते, थकवा येतो म्हटलं की डबा पुढे! घ्यावा का?

आधी लेबल वाचा. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक हवा. पण परवाना म्हणजे गुणाची हमी नव्हे. २०१६च्या नियमांप्रमाणे अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. मग याने मधुमेह बरा होतो, संधिवात जातो, असं कुणी सांगितलं तर विश्वास कसा ठेवायचा?

थकव्याचं कारण डब्यात सापडत नाही, तपासणीत सापडतं. हिमोग्लोबिन कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र नको. गरोदरपणी तर लोह आणि फॉलिक अॅसिड हवंच. म्हणजे गोळी वाईट नाही, गरज न बघता घेणं वाईट.

प्रथिनं आणि कॅल्शियम तर आपल्या सुक्या जवळ्यातही आहेत. ओळखीच्या बाईला ‘नको’ म्हणणं जड जातं, खरंय. पण ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ एवढं म्हणायला काय हरकत आहे?