पेसमेकर आहे, एमआरआय करता येईल का?

बहुतेकांना करता येतो, पण पूर्वतयारीशिवाय मुळीच नाही.

● धोका कशाचा? चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरींमुळे हृदयातल्या तारेचे टोक तापू शकते, पेसमेकर ठोके देणे थांबवू शकतो किंवा आयसीडी (घातक अनियमित ठोके शॉक देऊन थांबवणारे, शरीरात बसवलेले उपकरण) नको तेव्हा शॉक देऊ शकते.

● अनुभव काय सांगतो? एमआरआयसाठी खास बनवलेल्या पेसमेकरला अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये पहिल्यांदा मान्यता दिली. जुन्या धर्तीच्या उपकरणांवरचा ‘मॅग्नासेफ’ अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १.५ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचे एकक) यंत्रावर, छाती वगळून केलेल्या १,५०० स्कॅनदरम्यान एकही मृत्यू झाला नाही. एक आयसीडी मात्र तातडीने बदलावे लागले. स्कॅनआधी त्याचे प्रोग्रामिंग नीट झालेले नव्हते.

● स्कॅनच्या दिवशी : उपकरण ‘एमआरआय मोड’वर ठेवतात. आयसीडीची शॉक देण्याची सोय तेवढ्यापुरती बंद असते, म्हणून ईसीजीवर सतत लक्ष आणि हाताशी बाहेरून शॉक देणारा डिफिब्रिलेटर हवाच.

● तुम्ही एवढे कराच : उपकरणाचे कार्ड सोबत न्या. शरीरात जुनी, वापरात नसलेली तार राहिली असेल तर आधीच सांगा. मूळ सेटिंग पूर्ववत झाल्याची खात्री केल्याशिवाय घरी निघू नका.