आवड आणि आवक

मनाजोगते काम करावे की हमखास आवकेचा धंदा धरावा, हा प्रश्न व्यापारी घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. त्याच्या विचारास कविवर बनारसीदासांचे चरित्र फार उपयोगी पडते.

इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाल जैन जवाहिऱ्याच्या घरी जन्मलेल्या बनारसीदासांना विद्येचा व काव्याचा छंद. वणिकपुत्राने दुकानाकडे पाहावे, असे वडीलधारे बजावीत. त्यांचे चित्त मात्र पोथ्यांत. पुढे वडिलांनी सोपविलेला माल घेऊन ते आग्र्यास गेले आणि भांडवल गमावून बसले. मग रात्री ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ ही काव्ये वाचून ते श्रोत्यांना रिझवीत आणि कचोरीवाल्याच्या उधारीवर पोट भरीत. श्रोते तृप्त होत, पण उधारी वाढतच राही. ती फिटली पुढे भागीदारीत केलेल्या व्यापारातून. हेच बनारसीदास प्रपंचाचे व व्यापाराचे टक्केटोणपे खाऊन पन्नाशीस पोहोचले, तेव्हा १६३६ मध्ये त्यांनी ‘समयसार नाटक’ पूर्ण केले; १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहिले.

यातून बोध दुहेरी आहे. मन नसलेल्या मुलाच्या हाती भांडवल दिले, तर ते टिकत नाही. आणि केवळ छंदावर घर चालवू पाहिले, तर उधारी चुकत नाही.

श्रावकधर्माच्या ग्रंथांत मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक साठवणीचा, एक व्यापारात घालण्याचा, एक धर्म व उपभोगाचा आणि एक आश्रितांच्या पोषणाचा. ही वाटणी वेळेलाही लागू करावी. तरुणपणी उपजीविकेच्या धंद्यास मोठा भाग द्यावा, परंतु आवडीचा भाग शून्य होऊ देऊ नये. कर्ज फिटून वर्षभराच्या घरखर्चाची तरतूद झाली, की तो भाग वाढवावा. उतारवयात गादी पुढच्या पिढीकडे सोपवून तो मुख्य करावा. कितीही ओढगस्त आली तरी शहाणा शेतकरी बियाणे दळून खात नाही. आवड हे आयुष्याचे बियाणे आहे आणि साठवण हे त्याचे कोठार.

म्हणून वडिलांनी मुलाच्या छंदास उनाडकी म्हणू नये आणि मुलांनी रोकडवहीस बेडी समजू नये. दोन्ही खाती एकाच चोपडीत लिहावयाची आहेत.